शेजार कुणी निवडायचा?

दार उघडंच होतं. आपोआप लागू नये म्हणून खाली एक जुनी चप्पल अडकवलेली. आत लांबट सोफ्यावर पाच जण, सोफ्याच्या दोन्ही हातांवर एकेक, बाकीचे खाली गालिच्यावर. रविवार, रात्रीचे दहा वाजून गेलेले. मधल्या बुटक्या टेबलावर गरम बिस्किटांचा ट्रे, कापलेली सफरचंदं आणि चिप्सची दोन मोठी पाकिटं. कुणी गणितं सोडवत होतं, कुणी कुणाच्या पाठीला टेकून झोपलं होतं, आणि एका धिप्पाड मुलाच्या पायाच्या नखांना एक मुलगी मन लावून निळा रंग लावत होती. मी दारात घुटमळलो तशी ती मान वर करून म्हणाली, "तुम्हीच ते लिहिणारे ना? बिस्किटं घ्या, पाच मिनिटांत संपतात."

"आत या" असं कुणी म्हणालं नाही. दार उघडं असताना ते म्हणायची इथे पद्धत नसावी.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अगदी वायव्य कोपऱ्यात विल्यम्स नावाचं कॉलेज आहे. 1793 साली सुरू झालेलं, जेमतेम 2000 विद्यार्थ्यांचं. मी गेलो ती खोली तिथल्या पहिल्या वर्षाच्या एका ‘एन्ट्री’ची बैठकीची खोली. आणि हे रविवारचं खाणं म्हणजे ‘स्नॅक्स’. त्याला शब्द एवढा साधा, पण महत्त्व आपल्याकडच्या शनिवारच्या भजनाइतकं. टाळायचं नाही असं नाही, पण टाळलं तर लोक विचारतात.

संपादकांनी यंदाचा विषय दिला होता ‘एकत्र राहणं’. मी वाडे, चाळी, आश्रम अशी यादी सांगितली, तर ती सगळी आधीच वाटून झाली होती. नेमकी तेव्हा मी भाचीकडे ऑल्बनीला जाणार होतो. तिथून हे कॉलेज गाडीनं तासाभरावर. "मुलं कशी राहतात ते बघून ये," संपादक म्हणाले. मुलं कशी राहतात हे बघायला गेलो, आणि त्यांना कुणाशेजारी ठेवायचं यावर दोनशे वर्षं चाललेलं भांडण सापडलं.

डोंगरापलीकडचं गाव

ऑल्बनीकडून येताना ट्रॉय ओलांडलं की रस्ता चढू लागतो. पीटर्सबर्गच्या खिंडीत पोचलात की तीन राज्यं हाताशी येतात आणि खाली विल्यम्सटाउन दिसतं. ऑक्टोबरात मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल. भाची म्हणाली, "मामा, वरंधा घाट आठवतो की नाही?" आठवला. फक्त भजी मिळत नव्हती.

गावाची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास, त्यातही कॉलेजची मुलं धरून. दुकानांची म्हणावी अशी स्प्रिंग स्ट्रीट नावाची एकच छोटी गल्ली. समोर माउंट ग्रेलॉक, 3491 फूट. आपल्या कळसूबाईपुढे बुटका, पण या राज्यात सर्वांत उंच. हा आडबाजूचा एकलकोंडेपणा कॉलेजला सुरुवातीपासून छळत आला. 1821 साली तर इथले अध्यक्षच कंटाळून काही विद्यार्थ्यांना घेऊन निघून गेले आणि पूर्वेला अ‍ॅमहर्स्टमध्ये दुसरं कॉलेज उभं राहिलं. दोन्ही कॉलेजं अजून एकमेकांना खुन्नस देतात.

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचं तर जिथे फिजिक्सची मुलगी चित्रकलेचा इतिहासही शिकते आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. वर्ग लहान. ट्युटोरियल नावाच्या प्रकारात तर दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक, बस. एका आठवड्यात एकानं निबंध लिहायचा, दुसऱ्यानं त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. असं शिकवायचं तर मुलं गावभर विखरून चालत नाहीत. जवळजवळ सगळी मुलं चारही वर्षं कॉलेजच्याच इमारतींत राहतात, बाहेर खोली घ्यायची परवानगी शेवटच्या वर्षाच्या मोजक्यांनाच. खर्च मात्र डोळे पांढरे करणारा. राहणं, खाणं, शिकणं मिळून वर्षाला 80 हजार डॉलरच्या पुढे. निम्म्याहून अधिक मुलांना कॉलेज मदत करतं, आणि 2022 पासून ती मदत पूर्ण अनुदानाची. त्यात कर्जाचा भाग नाही आणि ‘कमवा आणि शिका’ची अटही नाही. म्हणजे ज्याच्या घरी दोन विमानं आहेत तो आणि ज्याची आई रात्रपाळीला कारकुनी करते तो, दोघं एकाच न्हाणीघरासमोर दात घासायला रांगेत. निदान कागदावरची कल्पना तरी तशी आहे.

अधिकार नसलेला मोठा भाऊ

‘एन्ट्री’ हा शब्द आला जिन्यावरून. जुन्या इमारतींत एकाच जिन्यानं, एकाच दारानं आत येणाऱ्या खोल्यांचा एक उभा गट असायचा. आपल्या चाळीत ‘आमच्या जिन्यातले’ म्हणतात, अगदी तसं. आता जिना असो नसो, पहिल्या वर्षाच्या वीस-बावीस मुलामुलींचा एक गट केला की ती एन्ट्री. उन्हाळ्यात प्रत्येकाकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. झोप कधी लागते, पसारा चालतो का, गाणी ऐकत अभ्यास करता का. मग कॉलेजची माणसं हातानं जुळवाजुळव करतात. प्रत्येक एन्ट्री म्हणजे अख्ख्या वर्गाचा छोटा नमुना व्हावा असा बेत असतो. खेळाडू, व्हायोलिनवाली, शेतकऱ्याचा मुलगा, परदेशी, सगळं थोडं थोडं. पंक्तीच्या ताटासारखं.

या बावीस जणांबरोबर तिसऱ्या वर्षाचे दोघं राहतात. ज्युनियर अ‍ॅडव्हायझर, सगळे म्हणतात ‘जे-ए’. ही पद्धत 1925 पासूनची. आणि हे जे-ए नेमके कोण, हे समजून घ्यायलाच मला दोन दिवस लागले, कारण माझ्या डोक्यात आपला रेक्टर बसलेला.

पुण्यात मी चार वर्षं वसतिगृहात काढली. रात्री नऊला हजेरी. रेक्टरसाहेबांच्या बुटांचा आवाज आला की हीटरची कॉइल गादीखाली. ती एकदा गरमच होती, गादीला पडलेलं भोक मी वर्षभर उशीनं झाकलं. वसतिगृह म्हणजे हेच, एका बाजूला नियम आणि दुसऱ्या बाजूला ते मोडायची शक्कल.

जे-ए मात्र नियम राबवत नाही. त्याला तो अधिकारच नाही. अमेरिकेत 21 वर्षांखाली दारू बेकायदा आहे, आणि जे-ए स्वतःच बहुधा विशीत. कुणाच्या खोलीत बियर दिसली म्हणून तो वर तक्रार करणार नाही. पण कुणी पिऊन शुद्ध हरपली तर पहिला फोन तोच करेल, आणि मुलंही आधी त्यालाच उठवतील, कारण त्याची भीती नाही. सगळी मेख या एका गोष्टीत आहे. शिक्षा करू शकणाऱ्या माणसाला कुणी रात्री दोन वाजता उठवत नाही.

माझी वाटाड्या झालेली जे-ए पोर्तुगीज आणि रसायनशास्त्र शिकत होती. तिनं सांगितलं, ऑगस्टमध्ये बाकीची मुलं येण्याआधी जे-ए येतात, प्रशिक्षण घेतात आणि आपापल्या बावीस जणांची नावं, चेहरे, गावं पाठ करतात. पहिल्या दिवशी आईबापांची गाडी दारात थांबली की आत बसलेला मुलगा उतरायच्या आधी त्याच्या नावानं आरोळी. "माझ्या वेळी मी घाबरून गाडीतच बसून राहिले होते," ती म्हणाली. "पण आईला एवढं बरं वाटलं की ती रडायची थांबली."

मग काम काय? तर दार उघडं ठेवायचं. रविवारी स्नॅक्स आणायचे. जेवायला जाताना मोठ्यानं विचारायचं, कोण येतंय? जो कधीच येत नाही त्याच्या खोलीवर काहीतरी निमित्त काढून टकटक करायची. दोन रूममेटांत खिडकी उघडी की बंद यावरून अबोला झाला तर मध्यस्थी. ही सगळी कामं आपल्याकडे चाळीतल्या एखाद्या मावशी फुकट करायच्या. इथेही ती दशकानुदशकं बिनपगारीच होत होती. पगार आला की ती नोकरी होईल, आणि नोकरी झाली की पोरं आपल्याला कर्मचारी समजतील, अशी त्यामागची समजूत. त्यावर उलट बाजूही कॉलेजात जोरात मांडली गेली: फुकट काम परवडतं कुणाला? ज्याला घरी पैसे पाठवायचेत त्यानं वर्षभर बावीस जणांचं मन सांभाळायचं आणि शिवाय ग्रंथालयात तासांवर कामही करायचं का? मला दुसरी बाजू पटते. पण ती चप्पल दाराखाली पगारानं अडकवली असती का, हेही मनात येऊन गेलं.

एन्ट्रीतल्या एन्ट्रीत प्रेम जमवू नये असा अलिखित दंडक आहे. त्या गुन्ह्याला मुलांनी एक चावट शब्द पाडून ठेवलाय, तो इथे छापण्यासारखा नाही. कारण मात्र व्यवहारी आहे. प्रेम मोडलं तरी न्हाणीघर एकच राहतं.

एक गोष्ट माझी हुकली. ऑक्टोबरातल्या पहिल्या तीन शुक्रवारांपैकी एका सकाळी अचानक चॅपलच्या घंटा वाजतात आणि त्या दिवशी तास रद्द. अख्खं कॉलेज डोंगरावर जातं, गाणी म्हणतं, सफरचंदाचा रस पितं, डोनट खातं. हा ‘माउंटन डे’. कुठला शुक्रवार ते आधी फोडत नाहीत. मी दोन शुक्रवार पहाटेपासून कान टवकारून बसलो. तिसऱ्या शुक्रवारी मी विमानात होतो.

चिठ्ठी आलेले आणि न आलेले

मुख्य रस्त्यावरून चालताना एकापेक्षा एक देखणे बंगले लागतात. खांब, ओसरी, पुढे हिरवळ. मी आधी समजलो जुन्या सावकारांचे असावेत. आत डोकावलं तर सगळीकडे सायकली आणि वाळत घातलेले टॉवेल. हे बंगले आता वसतिगृहं आहेत. पूर्वी ते फ्रॅटर्निटींचे होते.

फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचे खासगी बंधुसंघ. त्यांची नावं ग्रीक अक्षरांची, घर स्वतःचं, स्वयंपाकी स्वतःचा, गुपितं स्वतःची. विल्यम्समध्ये पहिला बंधुसंघ 1833 साली आला. 1962 पर्यंत 15 झाले होते आणि बहुतेक सगळं कॉलेज तिथेच जेवत, झोपत, नाचत होतं. कॉलेजनं शिकवायचं तेवढं. राहणं-खाणं हा बंधूंचा प्रांत.

तिथे प्रवेश मिळत नसे, निवड होत असे. नवी मुलं घराघरांतून फिरायची, हात मिळवायची, हसायची. मग घरातले आतल्या खोलीत बसून ठरवायचे. ज्याचं नाव निघालं त्याला चिठ्ठी. ज्याला चिठ्ठी नाही तो उरलेल्यांत. उरलेल्यांनीही आपला एक क्लब काढला होता, इथल्याच एका विद्यार्थ्याच्या नावानं. तो विद्यार्थी जेम्स गारफील्ड, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या क्लबनं स्वतःच स्वतःला बरखास्त केलं. उरलेल्यांची सोय करत बसलो तर उरवण्याची पद्धत तशीच चालू राहते, असा त्यांचा मुद्दा. साधा वाटतो, पण एवढा तिखट निषेध मी फार कमी वाचलाय. त्याच दशकात एका बंधुसंघाच्या इथल्या शाखेनं ज्यू मुलाला आत घेतलं, म्हणून तिच्या राष्ट्रीय संघटनेनं अख्खी शाखाच निलंबित केली.

1961 मध्ये काही विद्यार्थ्यांनी, त्यात बंधुसंघांतलेही होते, अर्ज दिला की हे आता पुरे. समिती बसली, 1962 मध्ये अँजेव्हाइन समितीचा अहवाल आला आणि अध्यक्ष जॉन सॉयर यांनी तो अमलात आणला: यापुढे मुलांना ठेवणं, जेवू घालणं आणि त्यांचं एकत्र राहणं ही कॉलेजची जबाबदारी. माजी विद्यार्थी खवळले. देणग्या थांबवण्याच्या धमक्या आल्या. पण काही वर्षांत बंगले एकेक करून कॉलेजकडे आले. 1970 पासून मुलींना प्रवेश सुरू झाला. बंधूंची घरं तशीच असती, तर बहिणींना कुठे ठेवलं असतं?

मोहल्ले

एवढं झाल्यावर प्रश्न सुटला असं वाटेल. तर नाही. पहिल्या वर्षी शेजारी कॉलेज ठरवतं. दुसऱ्या वर्षापासून मुलं आपापले गट करतात आणि क्रमांक लागेल तशा खोल्या उचलतात. वसंतात हा ‘रूम ड्रॉ’ होतो तेव्हा, माझी वाटाड्या म्हणाली, परीक्षेपेक्षा जास्त रडारड असते. कोण कुणाला गटात घेतं, कोण शेवटच्या क्षणी गळतं. बंगल्यातली चिठ्ठी गेली, पण चिठ्ठीचा जीव गेला नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. फुटबॉलवाले एकीकडे, शांत मुलं दुसरीकडे, कृष्णवर्णीय मुलं तिसरीकडे. कॉलेज अस्वस्थ झालं आणि 2006 मध्ये सगळा नकाशाच मोहल्ल्यांत वाटून टाकला. प्रत्येकाला एक मोहल्ला नेमून दिलेला, उरलेली वर्षं तिथल्याच इमारतींत काढायची. कल्पना अशी की मोहल्ल्याला ओढ निर्माण होईल. झाली नाही. चांगले बंगले ज्यांच्या वाट्याला आले ते खुश, बाकीचे चिडलेले. मुलं मोहल्ला बदलायच्या खटपटीत वेळ घालवू लागली आणि पुढे कॉलेजनं ती योजना गुंडाळली. ओढ वाटून देता येत नाही, हे कळायला सिडकोच्या कुठल्याही सेक्टरमध्ये एक गणपती बसवायला हवा होता. वर्गणी कोण मागणार, यावरच कळलं असतं.

आता उलटी मागणी आहे. गेल्या काही वर्षांत समान ओळखीच्या मुलांना एकत्र राहता येईल अशी घरं सुरू झाली. विरोधक म्हणतात, हेच मोडायला तर बंधुसंघ मोडले. मागणारे म्हणतात, दिवसभर वर्गात एकटाच काळा मुलगा म्हणून वावरायचं, निदान रात्री स्वयंपाकघरात कुणाला समजावून न सांगता बसता आलं पाहिजे.

हे ऐकताना मला कोल्हापूर आठवत राहिलं. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि मागोमाग एकेका समाजाचं वेगळं बोर्डिंग उभं राहिलं. जातवार वसतिगृहं म्हणून आज नाक मुरडणं सोपं आहे, पण त्या काळी त्या मुलांना गावात दुसरं दारच नव्हतं. आणि 1924 मध्ये साताऱ्याला भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं, त्यालाही पुढे त्याच शाहू महाराजांचं नाव मिळालं, पण तिथे सगळ्या जाती एका पंक्तीला. दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली खऱ्या होत्या. वेगळं घर कुणी मागितलं, आत असलेल्यानं की बाहेर ठेवलेल्यानं, यावर त्याचा अर्थ बदलतो. मी हे माझ्या वाटाड्याला सांगितलं. तिनं ‘शाहू’ हे नाव वहीत रोमनमध्ये लिहून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं.

गवताची गंजी

शेवटच्या दिवशी तिनं मला ‘मिशन’मध्ये जेवायला नेलं. मिशन पार्क ही 1971 ची काँक्रीटची भलीमोठी इमारत. पहिल्या वर्षाच्या पुष्कळ एन्ट्री तिथेच आहेत आणि खाली भोजनगृह. नाव मिशन का, असं विचारल्यावर तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. झाडीत एक संगमरवरी खांब, वर दगडी पृथ्वीगोल. "तिथे काहीतरी गवताबिवताची गोष्ट आहे."

गवताची गोष्ट मला माहीत होती, कारण मी नगरचा.

1806 च्या ऑगस्टमध्ये या कॉलेजातले पाच विद्यार्थी या माळावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, विजा कडाडल्या, तसे ते गवताच्या एका गंजीच्या आडोशाला शिरले. तिथे बसून त्यांनी ठरवलं की आशियात धर्मप्रसार करायला जायचं. पुढे त्यांच्या गटानं कॉलेजात एक गुप्त मंडळ काढलं, त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहून ठेवली. म्हणजे बंधुसंघ यायच्या कितीतरी आधी इथल्या मुलांना गुपितांची चटक होतीच. त्यातून 1810 मध्ये अमेरिकेचं पहिलं परदेशी मिशन मंडळ उभं राहिलं. त्या मंडळींतला गॉर्डन हॉल, विल्यम्सचा 1808 चा पदवीधर, फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबई बंदरात उतरला. कंपनी सरकारला तो नको होता. तो हटला नाही, मराठी शिकला, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीनं गेला.

ते आले होते धर्म बदलायला, यात कुणी शंका घेऊ नये. पण त्यांच्या हातून दुसरंच बरंच झालं. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशननं मुंबईत छापखाना घातला. त्याच छापखान्यात जावजी दादाजी पोरवयात कामाला लागले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर उभारला. 1824 मध्ये मिशननं मुंबईत मुलींची शाळा काढली. 1831 मध्ये ते नगरला आले. तिथे पुढे सिंथिया फरार या मुलींच्या शाळा चालवत. त्या पाहून आपल्याला मुलींची शाळा काढावीशी वाटली, असं जोतीराव फुल्यांनीच पुढे सांगितलं, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही फरारबाईंकडे. लहानपणी मी ज्या रस्त्यानं शाळेत जायचो, त्यावर मिशनचं आवार लागायचं. त्याचा उगम मॅसॅच्युसेट्समधल्या एका भोजनगृहाच्या खिडकीतून दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

जेवून आम्ही खांबापाशी गेलो. 1867 मध्ये उभारलेला, बारा फूट उंच. पायथ्याला कुणीतरी कॉफीचा कप विसरलेला. मी तिला हे सगळं सांगत होतो, फुल्यांपर्यंत पोचलो होतो. ती खरोखर ऐकत होती. "त्या पाचांना एकमेकांशेजारी कुणी ठेवलं होतं?" तिनं विचारलं.

"पावसानं," मी म्हणालो. तेव्हा ते उत्तर फार हुशार वाटलं. खरं तर ते एकाच छोट्या कॉलेजात होते, एकमेकांना आधीच ओळखत होते आणि एकत्रच प्रार्थनेला आले होते. पावसानं फक्त गंजी दाखवली.

ते सांगायच्या आत तिचा फोन वाजला. ती दोन पावलं बाजूला गेली, बराच वेळ नुसतं "हं, हं" म्हणत राहिली, आणि परत आली.

"माझ्या एन्ट्रीतली एक. तिला रूममेट बदलून हवीय. या आठवड्यात तिसऱ्यांदा."

"मग आता काय करणार?"

"आता?" तिनं घड्याळ पाहिलं. "ती जेवली नाहीये. आधी तिच्याबरोबर परत जेवते."

आणि ती मघाशीच भरल्या पोटानं बाहेर पडलेल्या भोजनगृहाकडे पळत निघाली.